शुगरवाल्यांचा गट

खाडीपलीकडचा

हा धागा आरोग्यात टाकू, समाजात टाकू की ललितात, यातच आठवडा गेला. ॲडमिन, हवा तिकडे हलवा, फक्त उडवू नका.

मी गे आहे, वय ४३, २०११ पासून एचआयव्ही पॉझिटिव्ह. ठाण्यात वाढलो, आता कोपरखैरण्यात राहतो. आयडी नवा काढलाय, कारण जुन्या आयडीने मिसळीच्या धाग्यावर इथल्या निम्म्या लोकांशी भांडून झालंय.

दर रविवारी दुपारी चारला आम्ही आठ-दहा जण एका क्लासच्या खोलीत जमतो. सगळे पॉझिटिव्ह, सगळे आपल्यातलेच. क्लास दहावीच्या गणिताचा. फळ्यावर शनिवारच्या बॅचची त्रिकोणमिती असते आणि कोपऱ्यात चौकोन काढून 'पुसू नये'. बाकं इतकी बुटकी की गुडघे छातीला लागतात. सरांना आम्ही 'शुगरवाल्यांचा गट आहे' असं सांगून खोली घेतली. तीन तासांचे ३०० रुपये, पंखा धरून.

गट चालवतो मी आणि अजून एक जण. दोघांपैकी कोणीच डॉक्टर नाही, मानसशास्त्र शिकलेलाही नाही. वर्षानुवर्षं गोळ्या खातोय, एवढीच पात्रता. मग हा उद्योग कशाला?

एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते केंद्र) गेलं की समुपदेशक विचारतात, "गोळ्या वेळेवर?" हो. "कंडोम वापरता ना?" हो. पुढचा. त्यांचा दोष नाही, बाहेर रांग जिन्यापर्यंत असते. पण चौदा वर्षांत त्या दुसऱ्या प्रश्नाला मी एकदाही खरं उत्तर दिलं नाही. खरं उत्तर असं होतं, की पहिली सात वर्षं मी कोणाच्या जवळच गेलो नाही. कंडोमची वेळ येणार कुठून? पण तसं कोणी विचारलंच नव्हतं.

गटात पहिल्या रविवारी मी हे सांगितलं, तर समोरचा म्हणाला, "माझी नऊ." शर्यत लावल्यासारखं.

आमच्याकडे एक बाटली आहे. गोळ्यांचीच, रिकामी, प्लॅस्टिकची. लेबल ब्लेडने खरवडलेलं (ते सगळेच खरवडतात, घरात कोणी वाचू नये म्हणून. गोंदाचा चिकट पट्टा मात्र जात नाही, त्याला खोबरेल चोळावं लागतं). तोंडाने बोलायला जड जातं ते चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. मागच्या काही चिठ्ठ्या, त्या-त्या मुलांना विचारून देतोय:

"रिपोर्टवर टीएनडी आलंय. म्हणजे बरा झालो का?"

"डेटिंग ॲपवर प्रत्येक जण विचारतो, क्लीन आहेस का, म्हणजे निगेटिव्ह. मी अंघोळ करून आलोय असं लिहिलं तर ब्लॉक केलं."

"उठत नाही. गोळ्यांमुळे की भीतीमुळे?"

"बॉयफ्रेंड निगेटिव्ह आहे. तो हात धरतो तेव्हापण मी आधी माझ्या बोटांना कुठे कापलंय का बघतो."

तिसऱ्या चिठ्ठीवर एक अख्खा रविवार गेला. मी वाचली, कोणी बोलेना. मग आमच्यातले सगळ्यात मोठे, ५४ वर्षांचे काका म्हणाले, "माझी नाहीये चिठ्ठी, पण असू शकली असती." त्यावर एक हसला, मग दुसरा बोलला, मग तिसरा. औषध कोणी सांगितलं नाही. सात वाजून गेल्यावर सर किल्लीसाठी आले, तर आम्ही अजून तिथेच.

एका फेरीत सहा रविवार. पहिल्या दिवशी प्रत्येकाने स्वतःपुरती एक गोष्ट ठरवायची, ती आम्ही ठरवून देत नाही. कोणी म्हणतो व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) करून येईन, कोणी म्हणतो भेटायच्या आधी दारू घेणार नाही. काकांनी ठरवलं, कोणालातरी नीट मिठी मारायची. ही कल्पना आमच्या डोक्यातली नाही. कॅनडात टोरंटोला 'गे पॉझ सेक्स' नावाचं असंच गट-समुपदेशन सुरू झालं, पॉझिटिव्ह गे पुरुषांनीच चालवलेलं. तिथेही ध्येय ज्याचं त्याने ठरवायचं, आणि चालवणाऱ्याने सल्ला न देता विचारत राहायचं. 'तुला स्वतःला काय वाटतं' हा प्रश्न मराठीत भांडणाच्या सुरात येतो हे मला तेव्हा कळलं. आम्ही 'मग पुढे काय मनात आहे?' असं विचारतो.

असे गट अजून कुठे आहेत? कल्याण, पनवेल? कसे चालवता? काय चुकतं?

वाशीचा_बटाटवडा

अंघोळवाला कोण आहे त्याला माझ्याकडून एक वडा.

निशिगंधा_ठाणे

तुमच्या त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बसते. तुमच्या सेंटरला नाही, दुसरीकडे, पण रांग तशीच.

'कंडोम वापरता ना' हा प्रश्न चुकीचा आहे हे आम्हाला प्रशिक्षणातच सांगतात. 'ना' लावलं की उत्तर ठरून जातं. सकाळी साडेनऊला मी तो बरोबर विचारते. दुपारी एकला 'ना' आपोआप लागतो. पेशंटचं हिरवं पुस्तक भरायचं, गोळ्या मोजायच्या, टीबीचे चार प्रश्न विचारायचे, आणि दारात पुढचा उभा.

आणि खरं सांगू? बाईसमोर पुरुष हे बोलत नाहीत. मला एका मुलाने 'मागच्या बाजूला गाठी' सांगायला आठ महिने घेतले. तोवर तो मूळव्याधीचं मलम लावत होता. मस्से होते, एचपीव्ही विषाणूचे. तुमच्या गटात त्याने पहिल्या महिन्यात सांगितलं असतं.

डॉ_कढीपत्ता

धागा आवडला. टीएनडीवाल्या चिठ्ठीचं उत्तर नीट द्यायला हवं म्हणून लिहितो.

टीएनडी म्हणजे 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', तपासणीत रक्तात विषाणू सापडला नाही. बरा झालो असा अर्थ नाही. गोळ्या थांबवल्या की काही आठवड्यांत तो परत वर येतो. पण गोळ्या चालू आणि वायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. याला आधार आहे. पार्टनर-२ नावाचा अभ्यास २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशी ७८२ गे जोडपी, लोड २०० च्या खाली, कंडोमशिवाय सुमारे ७६,००० वेळा संबंध. पॉझिटिव्ह जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. १५ जणांना एचआयव्ही झाला, पण त्यांच्यातल्या विषाणूची जनुकं जोडीदाराच्या विषाणूशी जुळली नाहीत. तो बाहेरून आला होता.

हात धरण्याआधी बोटं तपासणाऱ्या मुलाला हे वाचून दाखवा.

मात्र हे एचआयव्हीपुरतंच. सिफिलिस, गनोरिया, हेपटायटिस यांना तुमच्या वायरल लोडशी देणंघेणं नाही. सिफिलिसबद्दल एक घोळ नेहमी होतो. इंजेक्शन घेतल्यावरही व्हीडीआरएल पॉझिटिव्ह येते आणि माणूस हबकतो. नुसतं 'पॉझिटिव्ह' बघू नका, शेजारचा आकडा बघा. १:६४ चं १:१६ किंवा त्याहून खाली आलं, म्हणजे चौपट उतरलं, तर उपचार लागू पडला. काहींचा आकडा थोडासा वर्षानुवर्षं राहतो. जुने रिपोर्ट फेकू नका ते यासाठी.

आणि 'उठत नाही'वाल्यांनी केमिस्टकडून निळी गोळी (व्हायग्रा) परस्पर घेऊ नये. एचआयव्हीच्या दुसऱ्या टप्प्याच्या औषधांत (पहिली लागू पडेनाशी झाली की देतात ती) बऱ्याचदा रिटोनाविर असतं, त्याने त्या गोळीचं रक्तातलं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. हृदयाच्या नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर ती घ्यायचीच नाही. लाज बाजूला ठेवून डॉक्टरला विचारा.

सरळमार्गी

कडू वाटेल पण लिहितो. असा आजार झाल्यावर माणसाने संयम शिकावा. इथे तर मजा चालू कशी ठेवायची याचे वर्ग भरताहेत, तेही मुलांच्या क्लासमध्ये. खोटं बोलून घेतलेल्या खोलीत.

निशिगंधा_ठाणे

सरळमार्गी, माझ्यासमोर रोज नवरा-बायको बसतात, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. त्यांना मूल हवं असतं. ते कसं सुरक्षितपणे होईल हे आम्ही सांगतो आणि पेढेही खातो. त्यांना संयम शिकवा असं मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

खाडीपलीकडचा

सरळमार्गी, सात वर्षं संयम केला. त्याने लोड कमी झाला नाही, गोळ्यांनी झाला. संयमाच्या काळात उलट दोनदा गोळ्या सोडल्या, कारण कोणासाठी जगायचं हेच कळत नव्हतं.

खोलीचं मात्र बरोबर बोललात. ते मलाही टोचतंय. त्याबद्दल खाली लिहीन.

फाटकी_वही

वकील आहे, म्हणून दोन ओळी. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ ला लागू झाला. त्याच्या चारच दिवस आधी, ६ सप्टेंबरला, सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ चा निकाल (समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत) दिला होता. त्या निकालाचे ढोल सगळ्यांनी ऐकले, हा कायदा वर्तमानपत्राच्या आतल्या पानात गेला.

या कायद्याने तुमचा एचआयव्ही स्टेटस तुमच्या लेखी संमतीशिवाय उघड करता येत नाही (मोजके अपवाद आहेत, कोर्टाचा आदेश वगैरे), आणि नोकरी, उपचार, भाड्याचं घर यांत भेदभावाला मनाई आहे. त्याचबरोबर, समुपदेशन मिळालेल्या पॉझिटिव्ह व्यक्तीने लागण टाळण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी असंही त्यात आहे. गटात दोन्ही बाजू सांगा. लोक आपल्या सोयीची तेवढी सांगतात.

आता गटाला प्रश्न. तुमच्याकडे गुप्तता पाळली जाते ती कशाच्या जोरावर? समुपदेशकाला नोकरीची भीती असते. तुम्हाला?

खाडीपलीकडचा

वर्मावर बोट ठेवलंत. जोर कसलाच नाही, आणि एकदा मीच माती खाल्ली.

ठाणे स्टेशन, प्लॅटफॉर्म १०, संध्याकाळची पनवेल गाडी. गटातला एक मुलगा दिसला. दोन रविवार आला नव्हता. मी आनंदाने ओरडलो, "अरे, रविवारी कुठे गायब?" त्याच्या शेजारी त्याची मावसबहीण होती. तिने विचारलं, "काय असतं हो रविवारी?" मी 'शुगर' म्हणालो. त्याला शुगर नाही, हे तिला पक्कं माहीत. गाडी ऐरोलीला पोहोचेपर्यंत तिघंही खिडकीबाहेर बघत होतो.

तो परत आला नाही. मी फोन केला, माफी मागितली. तो म्हणाला, "दादा, तुझा राग नाही, पण तिथे आता बसता येणार नाही." त्या दिवसापासून नियम असा, की बाहेर भेटलो तर नवख्याने आधी ओळख दाखवायची. त्याने नजर वळवली की आपणही वळवायची. फोन आत येतानाच बंद करून सरांच्या टेबलाच्या खणात. नाव खरं सांगायची सक्ती नाही. आमच्यात सध्या दोन राहुल आहेत, दोघंही राहुल नसावेत.

पण तो एक मुलगा गेला तो गेलाच.

डॉ_कढीपत्ता

अशा गटांनी फरक पडतो का, याबद्दल थोडं थंड पाणी टाकतो. २००० च्या सुमारास न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोत पॉझिटिव्ह गे आणि बायसेक्शुअल पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून नाव 'सुमित'. (आपल्या शेजारचा सुमित नव्हे.) अर्ध्यांना एकच माहितीची बैठक, अर्ध्यांना पिअरनी, म्हणजे त्यांच्यासारख्याच पॉझिटिव्ह पुरुषांनी, चालवलेल्या सहा बैठका. तीन महिन्यांनी सहावाल्यांत एका बाबतीत धोका थोडा कमी दिसला. सहा महिन्यांनी तो फरक उरला नव्हता.

म्हणजे गट वाईट असं नाही. सहा रविवार संपले की माणूस परत एकटा पडतो, एवढं त्यातून घ्यावं. सहाव्यानंतर तुम्ही काय करता?

खाडीपलीकडचा

मिसळ खायला जातो. चेष्टा नाही. फेरी संपलेले लोक महिन्यातून एकदा ठाण्यात तलावपाळीला भेटतात. तिथे एचआयव्हीवर कोणी बोलत नाही. पण "गोळ्या संपत आल्यात, सेंटरला कोण जातंय?" हा प्रश्न येतोच, आणि मग दोघं मिळून जातात. रांगेत गप्पा मारायला कोणी असलं की माणूस तारीख चुकवत नाही. याचा अभ्यास करायला आमच्याकडे ना पैसा ना कागद.

लोकल_१०अ

पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्या.

मी विवाहित आहे. ३६. ऐरोलीला राहतो. चार महिन्यांपूर्वी कळलं. गोळ्या चालू आहेत, त्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो, रविवारची शनिवारी रुमालात बांधून घरी आणतो. बायकोला काहीच माहीत नाही, माझ्याबद्दल पण नाही आणि याबद्दल पण नाही. मी तिच्याजवळ जाणं बंद केलंय, तिला वाटतं माझं बाहेर कोणीतरी आहे. बाई.

तुमच्या गटात माझ्यासारखे चालतात का? की तिथे पण बोलणी बसतील?

खाडीपलीकडचा

चालतात. दहातले तीन तसेच आहेत. बोलणी बसणार नाहीत. एकदा एकाने सुरुवात केली होती, "तू दोन आयुष्यं बरबाद केलीस" वगैरे. काकांनी त्याला थांबवलं. काकांचं स्वतःचं लग्न १९९६ चं.

आमची पद्धत विचारायची, सांगायची नाही, हे वर लिहिलंय. इथे मी ती मोडतो. बायकोची तपासणी गटात यायच्या आधी. चार महिन्यांपूर्वी तुला कळलं, पण विषाणू त्याआधी कधी आला हे आपल्याला माहीत नाही. तिला असेल तर प्रत्येक महिना मोलाचा. तुझ्या सेंटरच्या समुपदेशकाला सांग, 'घरी सांगायचंय, जमत नाहीये.' ते दोघांना एकत्र बसवून सांगायला मदत करतात. तू पुरुषांकडे ओढला जातोस हे त्याच दिवशी सांगायलाच हवं असं नाही. दोन गोष्टी आहेत, एक तातडीची आहे. सेंटरला जायचं धाडस होत नसेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन कर, फुकट आहे, नाव विचारत नाहीत.

रुमालात बांधू नकोस, दमट हवेत गोळ्या खराब होतात. झाकणाची छोटी डबी मिळते. व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघ.

निशिगंधा_ठाणे

लोकल, जाशील तेव्हा अकराच्या आत जा. अकरानंतर आम्ही माणसात नसतो.

वाशीचा_बटाटवडा

माझा एक बावळट प्रश्न. एचआयव्हीची डोल्युटेग्राविरवाली गोळी आणि ॲसिडिटीचं जेल्युसिल सोबत चालतं का? माझ्या आयडीवरून कळलं असेल का विचारतोय. (आणि हो, मीपण पॉझिटिव्ह. हे इथे पहिल्यांदाच लिहितोय.)

डॉ_कढीपत्ता

सोबत नाही. अँटासिड पोटात गोळीला धरून ठेवतं, ती रक्तात उतरत नाही. गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र घ्यायच्याच असतील तर भरल्या पोटी.

वडे कमी करा असं मी सांगणार नाही.

लोकल_१०अ

काल दोघं गेलो. ती निगेटिव्ह आहे. तीन महिन्यांनी परत करायला सांगितलंय. रिक्षात एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर कुकर लावला आणि म्हणाली, गोळ्या ऑफिसात ठेवू नका.

सध्या एवढंच लिहितो.

खाडीपलीकडचा

वाचलं. रविवारी ये, नाहीतर नको येऊस, पण व्यनिला उत्तर दे.

खोलीचं लिहीन म्हटलं होतं. मागच्या आठवड्यात सरांनी मला थांबवलं. म्हणाले, सासऱ्यांची शुगर ३२० आलीय, रविवारी तुमच्यात पाठवू का? आता काय बोलणार! काकांशी बोललो, बाकीच्यांना विचारलं, आणि काल जाऊन खरं सांगितलं. कोणाची नावं नाहीत, फक्त गट कसला ते.

सर म्हणाले, शुगर नाही हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, तुम्ही लोक जिलेबी आणता. मला वाटलं दारू सोडणारे आहात, म्हणून मी विचारलं नाही, उगाच लाजवायचं कशाला.

मग बराच वेळ डस्टर हातात फिरवत बसले. शेवटी म्हणाले, मला काही नाही हो, पण पालकांना कळलं तर बॅच उठेल. मेपर्यंत बसा. तोवर दुसरीकडे बघा.

वाईट वाटलं, राग नाही आला. निघताना त्यांनी या रविवारचे ३०० घेतले नाहीत. ते घेतले असते तर बरं वाटलं असतं.

तर आता जागा हवी आहे. ट्रान्स-हार्बर लोकलच्या मार्गावर कुठेही, स्टेशनपासून चालत, दहा माणसं बसतील अशी. जिना अंधारा असला तरी चालेल.

पुणेरी_चिमटा

'जिना अंधारा असला तरी चालेल' अशी जाहिरात मी प्रथमच वाचली.

फाटकी_वही

नेरूळला माझं ऑफिस आहे, स्टेशनपासून सात मिनिटं. रविवारी बंद असतं. आठ खुर्च्या आणि दोन स्टुलं. एसी आहे, पण तो मी बसलो तरच चालतो असा माझा अनुभव आहे. भाडं नको, चहाचे कप धुऊन ठेवा.

फक्त वॉचमनला काय सांगायचं ते आधी ठरवा. शुगर चालणार नाही, त्याला स्वतःला आहे.